उसण भरली तेव्हा

कॅनडात येऊन तीन महिने झाले आणि माझ्या कमरेत उसण भरली. मणके बसवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांनी काही न विचारता कमरेतून कडकन आवाज काढला. घाबरून मी पुन्हा तिकडे फिरकलेच नाही. मग शेजारणीने हेलनबाईंचं नाव सांगितलं.

साठीच्या हेलनबाईंनी आधी आपले तळवे चोळून गरम केले. "नेमकं काय होतंय?" त्यांनी विचारलं. मला इंग्रजीत शब्दच सापडेनात. "तुमच्या भाषेत सांगा, मी तुमच्या हाताकडे बघते," त्या म्हणाल्या. मग मी मराठीतच सांगत सुटले: इथे कळ येते, इथून चमक निघते, वाकलं की जीव जातो. माझा हात थांबेल तिथे त्यांचं बोट हलकेच टेकत होतं. एका जागी त्या थबकल्या.

"इथे मी आज दाबणार नाही. आधी एक्स-रे काढून या."

कमर तशीच दुखत होती, पण जिना उतरताना मन हलकं झालं होतं. परक्या गावात आपली पाठ निर्धास्तपणे कुणाच्या तरी हाती देता येणं, हेही रुजणंच असावं. घरी येऊन आईला फोनवर सगळं सांगितलं.

"हात लावायच्या आधी विचारते ना? मग चांगली आहे," आई म्हणाली. "तिला एकदा जेवायला बोलाव."