नेलपॉलिशचा ठिपका

धम्मानंदसारखा सावध माणूस आमच्या सीताबर्डीच्या बोळीत दुसरा नाही, आणि त्याच्याच हातून हे व्हावं याचा मला अजून राग येतो. तो कोणावर काढायचा हे कळत नाही. निम्मा तर माझ्यावरच निघतो.

माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारी त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. बावीस वर्षं आम्ही एकाच भिंतीला पाठ लावून बसलोय. जुनी हार्ड डिस्क मरायला टेकली की तिच्यातलं विंडोज, फायली, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्याकडे दोन खाचांचा एक डबा होता. पहिल्या खाचेत जुनी डिस्क, दुसरीत नवी. बटण दाबलं की पहिलीतलं सगळं दुसरीत जातं. उलटं लागलं तर मात्र जुनीच कोरी होते. म्हणून तो आधी जुन्या डिस्कवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. ठिपका असेल ती पहिल्या खाचेत. ताकही फुंकून पितोस म्हणून मी त्याला चिडवायचो.

फेब्रुवारीत सावनेरहून सिंधूताई आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अश्विन दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. फोनचाही त्यातच चुरा झाला. उरला लॅपटॉप. त्यात त्याने गंमत करून ठेवली होती. लॅपटॉप सुरू झाला की त्याचा आवाज यायचा, "आई, मी आलो वं. चहा मांड." सिंधूताई रोज संध्याकाळी लॅपटॉप सुरू करायच्या, आवाज ऐकायच्या आणि खरंच चहा मांडायच्या. आता लॅपटॉप सुरू व्हायला अर्धा तास लागत होता आणि आतून टकटक ऐकू येत होती.

"नवं विंडोज टाकून देतो, ताई," धम्मानंद म्हणाला. "आवाज तेवढा काढून देतो."

"नोको गा भाऊ. त्यानं मांडून ठेवलं तसंच पाहिजे मले. एकबी गोष्ट हालवू नोको."

तो आवाज आधी मोबाईलमध्ये भरून घ्यावा, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. रोज घरी येणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं?

नवी डिस्क सिंधूताईंनीच आणली होती, जुनीसारखीच, त्याच कंपनीची. धम्मानंदने जुनी काढून लख्ख पुसली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि नेलपॉलिशची बाटली उघडली. तेवढ्यात मी हाक मारली, "धम्मानंद, कागद अडकून राहिला गा. जरा ये ना." माझं काही जळत नव्हतं. एक गिऱ्हाईक उभं होतं, एवढंच.

तो माझ्याकडे होता तेवढ्यात सिंधूताईंनी टेकडीच्या गणपतीच्या कुंकवाची पुडी सोडली आणि ओल्या बोटाने नव्या डिस्कला टिळा लावला. नवी वस्तू घरात न्यायची तर कुंकू लावूनच. मला ते दारातून दिसलं, आणि त्यात काही वावगं वाटलं नाही. धम्मानंदच्या घरी ही रीत नाही. तो परतला तेव्हा बाटली उघडी होती आणि एका डिस्कवर लाल ठिपका होता. आपणच दिला, असं त्याने धरलं आणि ती डिस्क पहिल्या खाचेत लावून बटण दाबलं.

दोन तासांनी त्याने लॅपटॉप लावून पाहिला. पडदा काळाच. दोन्ही डिस्क कोऱ्या. त्याने नखाने ठिपका खरवडला, तर लाल भुकटी निघाली. ते कुंकू होतं. दारातून दिसलेलं मी त्याला सांगितलं.

सिंधूताई बाजारात गेल्या होत्या. "जुनी आधीच मेली होती म्हणून सांग," मी म्हटलं. "सगळे तेच सांगतात."

"नाही, भैयाजी." त्याने रुमाल ओला केला आणि कुंकवाचा कण न कण पुसून काढला.

त्या आल्यावर तो उभा राहून म्हणाला, "ताई, माह्या हातून चूक झाली. उलटं लागलं. सगळं पुसल्या गेलं."

"म्हंजे तो आता नाही बोलनार?"

"नाही, ताई."

त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा देवानं नेला. आता तं तूच नेला गा." अख्ख्या बोळीने ऐकलं. मी तोंड उघडलं, तर धम्मानंदने माझं मनगट आवळून धरलं.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "तिच्याच बोटानं झालं हे कळलं, तं जगन का ते? राग माह्यावर राहू दे. रागानं माणूस उभा तरी राहते."

तो डबा त्याने तेव्हापासून काढलेला नाही.

परवा सिंधूताई माझ्याकडे आल्या. अश्विनच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती हव्या होत्या. मी चहा मागवू का विचारलं.

"चहा सोडला मी. कोनासाठी मांडू?" त्या म्हणाल्या. मग शेजारच्या दाराकडे बोट करून त्यांनी मला बजावलं, "त्या मानसाजवळ कोनाले जाऊ देऊ नका, भैयाजी."

धम्मानंद आत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. मी दाखला मशीनवर ठेवला आणि म्हणालो, "हो, ताई."