बाकडं कोणाचं?

आधी काठीचं टोक वस्तूला लागायचं, मग प्रश्न यायचा. "आ कोनुं छे?" हे कोणाचं आहे? तुळशीची कुंडी असो, सायकल असो की उन्हात वाळत टाकलेली गादी, फुटपाथवर जे दिसेल त्याच्यावर सोसायटीतले एक काका काठी दोनदा टेकवायचे आणि मान वर करून एकेका गॅलरीकडे बघत विचारायचे. आवाज कधी चढवला नाही. बँकेच्या खिडकीत पुढचा नंबर विचारतात तसं विचारायचे.

प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीला त्याची धडकी भरत असे. "माझं आहे" म्हणालात की तुम्ही आरोपी झालात. सार्वजनिक रस्त्याला अडथळा, कलम दोनशे त्र्याऐंशी. कोर्टात तुमचं नाव पुकारलं जाणार, पाकीटमार आणि दारूवाल्यांच्या रांगेत उभं राहून तुम्ही गुन्हा कबूल करणार. "माझं नाही" म्हणालात तर वस्तू बेवारस. मग अतिक्रमण काढणारे लोक येत, ज्यांना बडोद्यात सगळे दबाणवाले म्हणतात, आणि ती ट्रॅक्टरमध्ये टाकून नेत. पगारदार माणसं आम्ही. आम्ही दरवेळी "माझं नाही" म्हणायचो.

"दंड लहान असतो हो," ते प्रेमाने समजावत. "गुन्हा मोठा असतो."

हे त्यांना कळणारच. जन्मभर ते फौजदारी कोर्टात कारकून होते. लारीवाल्यांना, हातगाडीवाल्यांना उभं करायचं, त्यांच्यावरचा आरोप वाचून दाखवायचा आणि "कबूल छे?" विचारायचं, हे त्यांचं काम. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, घरात त्यांचा पगडीतला फोटो होता. रस्ते कसे असावेत हे फक्त त्या फोटोतल्या माणसाला आणि आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती. निवृत्त झाले आणि कोर्ट घरी घेऊन आले. सोसायटीतली मुलं त्यांना कोनुंकाका म्हणत. पुढे पुढे आम्ही मोठी माणसंही म्हणायला लागलो, अर्थात त्यांच्यामागे.

ते दिवसही तसेच होते. ज्यांच्याकडे एक स्कूटर होती त्यांच्याकडे दोन झाल्या, मग हप्त्यांवर गाड्या आल्या. घरं तेवढीच राहिली आणि सामान बाहेर सांडायला लागलं. कोणी गाडी चढवायला सिमेंटचा उतार केला, कोणी पायरी पुढे ओढली. कोनुंकाकांना एवढं पीक पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

मी घरी गणिताचे क्लास घेत असे. मुलांच्या सायकली फुटपाथवर लागायच्या. एकदा खालून काठीचा आवाज आला. मुलं वह्यांत डोकी घालून बसली, मी खाली गेले.

"आ कोनुं छे?"

"माझ्या क्लासच्या मुलांच्या आहेत."

"म्हणजे तुमच्या?"

मी वर, मुलांच्या खिडकीकडे पाहिलं.

"म्हणजे कोणाच्याच नाहीत," ते म्हणाले आणि वॉर्ड ऑफिसच्या दिशेने चालू लागले. सायकली ट्रॅक्टरमध्ये चढल्या. सोडवून आणताना पालकांना जो त्रास झाला त्यात माझे निम्मे विद्यार्थी दुसऱ्या क्लासला गेले. मी कोनुंकाकांना माफ केलेलं नाही, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा भरवसा किती ठेवायचा ते कळेल.

समोरच्या शाहभाईंची गोष्ट तर सोसायटीत वर्षानुवर्षं हसण्यावारी चालली. नंदेसरीच्या एका कारखान्यात ते साहेब होते, बढतीच्या उंबरठ्यावर होते. दाराची पायरी त्यांनी फुटपाथवर चांगली हातभर पुढे आणली होती, वर गुळगुळीत लादी बसवली होती. संध्याकाळी त्यांची आई तिथे बसून पापडी निवडायची. काठी त्या पायरीवर टेकली.

"आ कोनुं छे?"

शाहभाई दारात उभे, पायात त्याच पायरीवरच्या चपला. फौजदारी हा शब्द त्यांना बढतीच्या आड येताना दिसत होता. "अमने खबर नथी," ते म्हणाले. आपल्याच दाराची पायरी कोणाची ते माहीत नाही. घण पडले तेव्हा आम्ही सगळे गॅलरीत होतो. शाहभाई आत टीव्ही मोठा करून बसले होते. म्हातारीला त्यानंतर रोज धरून उतरवावं लागे, आणि ते धरताना शाहभाई कोनुंकाकांच्या गॅलरीकडे बघत असत.

"माझं" म्हणणारी एकच निघाली, रामीबेन. ती कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करायची. तिचं एक टेबल होतं आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाकडं. काठी बाकड्यावर टेकली तशी ती इस्त्री खाली न ठेवताच म्हणाली, "मारुं छे. केम?" कोनुंकाका क्षणभर बावरले, कारण या उत्तराची त्यांना सवय राहिली नव्हती. मग सावरले. रामीबेन कोर्टात जाऊन आली, दंड भरून आली, आणि परत येते तर बाकडंही नेलेलं. तिनं टेबल उचललं आणि फतेगंजला गेली. आमचे कपडे बरेच दिवस चुरगळलेले होते.

त्या बाकड्यावर सगळ्यांत जास्त कोण बसत असे, तर काकी. कोनुंकाकांची बायको.

काकी स्थूल होत्या आणि त्यांना दम लागायचा. रोज संध्याकाळी दोघं भाजीला निघत. काका काठी वाजवत पुढे, काकी पिशवी घेऊन मागे. निम्म्या वाटेवर रामीबेनचं बाकडं यायचं. "जरा थाक खाते," काकी म्हणायच्या, म्हणजे जरा विसावते, आणि बसायच्या. रामीबेन त्यांना पाणी द्यायची. मी तिथे असले तर मला म्हणायच्या, "ह्यांच्या कायद्यात सगळ्याला कलम आहे ग. दम लागायला तेवढं नाही." आणि हसायच्या. एवढ्या कडू माणसाबरोबर राहून ही बाई हसू कुठून आणते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

बाकडं गेल्यावर काकी विजेच्या खांबाला टेकून उभ्या राहू लागल्या. काका दहा पावलं पुढे जाऊन थांबत, मागे न बघता. एक दिवस खांबानंही भागेना. काकी फुटपाथच्या कडेवर सरळ खाली बसल्या, पाय रस्त्यात सोडून, तोंड लाल झालेलं. काका मागे आले. आम्ही चार-पाच जणी तिथे होतो. त्यांनी काठी काकींच्या शेजारी दोनदा टेकवली आणि विचारलं, "आ कोनुं छे?"

त्यांच्या आयुष्यातला तो एकुलता एक विनोद असावा. स्वतःलाही तो नवा वाटला असणार, कारण विचारून ते थोडे लाजले.

"तुमचंच आहे," काकी म्हणाल्या. "उचला."

आणि त्यांनी खरोखर काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी बायकोला उठवलं. आम्ही हसलो. वाईट हसलो नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही मऊ असेल तर ते एवढंच आहे.

थंडीत काकी गेल्या. रात्री झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत.

काही महिन्यांनी एक टेम्पो आला आणि त्यातून सिमेंटचं बाकडं उतरलं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाचं बाकडं कुठेतरी ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं म्हणून. पाठीवर काकींचं नाव होतं, वर मराठीत, खाली गुजरातीत, आणि 'यांच्या स्मरणार्थ'. सोसायटीच्या आत ठेवलं असतं तर कोणाची बोलायची टाप नव्हती. पण त्यांनी ते रामीबेनच्या जागेवर ठेवलं, भर फुटपाथवर. काकी तिथेच बसत ना.

आम्ही बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं.

मग ते रोज संध्याकाळी तिथे बसायला लागले. एका कडेला, बाजूची जागा मोकळी ठेवून, काठी गुडघ्यांवर आडवी. प्रश्न बंद झाला. सायकली परत आल्या, कुंड्या परत आल्या, एकानं तर फुटपाथवर पाण्याची टाकी ठेवली, ती त्यांना दिसलीसुद्धा नाही. समोरून जाणाऱ्याला कधी म्हणत, "बसा ना. थाक खा जरा." काकींचा शब्द त्यांच्या तोंडी आला होता. सोसायटीतलं कोणी बसलं नाही. अनोळखी माणसं बसत, दुपारी एक कुत्रं बसे. मला एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही तरी बसा." मला घाई आहे म्हणून मी सांगितलं. घाई नव्हती.

तक्रार शाहभाईंनी केली. स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन, अगदी काकांच्याच रीतीनं. येऊन आम्हाला सांगितलं, कोणत्या दिवशी येणार तेही सांगितलं. त्या दिवशी सोसायटीतली एकही बाई बाहेर गेली नाही. काकांना कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. तुमच्या दाराची पायरी अजून शाबूत आहे.

ट्रॅक्टर आला तेव्हा ते बाकड्यावरच बसलेले होते. दबाणवाल्यांचा साहेब नवा होता, पोरसवदा, त्यांना ओळखत नव्हता. बरोबर एक पोलीस होता. काका सवयीनं उठले आणि साहेबाला जागा करून दिली, आता हा काय उचलणार ते पाहायला. साहेबानं बाकड्यावर हात ठेवला.

"आ कोनुं छे?"

मी वरून त्यांचं तोंड बघत होते. त्यांना पहिल्यांदा प्रश्न कळलाच नाही. तो त्यांना कधी कोणी विचारला नव्हता.

"काका, तमारुं होय तो नाम लखावो," साहेब सौम्यपणे म्हणाला. "केस थशे. कोर्टमां कबूल करी लेजो, नानो दंड छे." तुमचं असेल तर नाव लिहून द्या, केस होईल, कोर्टात कबूल करा, लहानसा दंड आहे.

"नाम तो लखेलुं ज छे, साहेब," शाहभाई दारातून म्हणाले.

साहेबानं वाकून पाठीवरचं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. काकींचं पूर्ण नाव, त्यात मधलं नवऱ्याचं. "आ बेन कोण? तमारां कोई?"

कोनुंकाकांनी वर पाहिलं. एकेका गॅलरीकडे, नेहमीसारखंच. कोणीतरी हूं म्हणेल असं त्यांना वाटलं असेल. मग त्यांची नजर पोलिसावर आली आणि तिथे थांबली. ज्या कोर्टात त्यांनी जन्मभर लोकांना उभं केलं तिथे शिपाई त्यांचं नाव पुकारणार, त्यांच्याच खुर्चीवर बसलेला कोणी पोरगा "कबूल छे?" विचारणार, हे त्या नजरेत मला इतकं स्वच्छ दिसलं की मी कठडा घट्ट धरला.

"कोईनुं नथी," ते म्हणाले.

साहेबानं पुन्हा विचारलं, कारण आवाज फार बारीक होता.

"कोणाचं नाही. मला माहीत नाही."

सिमेंट होतं, अखंड निघेना. घण पाठीवर पडला, नावाच्या मध्यावर. तुकडे ट्रॅक्टरमध्ये गेले. काका काठी टेकून शेवटपर्यंत उभे होते, पंच म्हणून उभे असल्यासारखे. शाहभाई आत गेले आणि आज त्यांनी टीव्ही लावला नाही. ज्यासाठी आम्ही घरी थांबलो होतो ते झालं होतं, पण एकमेकींशी बोलायला कोणी थांबलं नाही. मला मजा आली नाही. येईल असं वाटलं होतं.

त्यानंतर ते फिरायला येत, पण काठी वाजत नसे. निम्म्या वाटेवर, बाकड्याच्या पायांनी जिथे खड्डे पडले होते तिथे, खांबाला टेकून उभे राहत. दम त्यांनाही लागायला लागला होता.

एका दुपारी, क्लास सुरू व्हायच्या आधी, ते फुटपाथच्या कडेवर खाली बसलेले मला दिसले. पाय रस्त्यात. मग बसल्या बसल्या एका अंगावर कलले आणि काठी हातातून सुटली. मी गॅलरीत होते. शाहभाई दारात होते. वरच्या मजल्यावरच्या वहिनीही होत्या, कारण त्यांच्या बांगड्या वाजल्या. एक रिक्षावाला थांबला, उतरला, त्यानं त्यांच्या छातीला कान लावला आणि मान वर करून सगळ्या गॅलऱ्यांकडे बघत ओरडला.

"आ काका कोना छे?"

रस्त्यावर पडलेल्या माणसाला आपला म्हटलं की दवाखाना येतो, दवाखान्यात पोलीस येतो, पोलिसाला आपलं नाव द्यावं लागतं. हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. रिक्षावाल्यानं दुसऱ्यांदा विचारलं. शाहभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्या रिक्षावाल्यानं एकट्यानंच त्यांना उचललं, मागच्या सीटवर आडवं केलं आणि सरकारी दवाखान्याकडे नेलं. ते परत आले नाहीत.

काठी फुटपाथवर आडवी पडून राहिली. थोड्या वेळानं मुलं क्लासला आली, त्यांनी सायकली लावल्या आणि ती ओलांडून वर आली.