बर्फाच्या डोंगरातलं बियाणं

माझा थोरला भाऊ देवानंद खोडाळा ते मोखाडा जीप चालवतो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरेपर्यंत दादाचं तोंड मिटत नाही. ऑक्टोपसला तीन काळजं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. हे सगळं तो मोबाईलवर वाचतो आणि दवाखान्यात निघालेल्या तापकऱ्यालाही ऐकवतो. तीन काळजांचं ऐकून आमच्या पुष्पावहिनीने विचारलं होतं, "तुम्हाला एक तरी दिलंय का देवाने?" दादाला राग येत नाही, हाच खरा डोक्याला ताप.

उन्हाळ्यात त्याने नवीन खूळ काढलं. नॉर्वेकडे बर्फाच्या डोंगरात भुयार खणून जगभरचं बियाणं ठेवलंय म्हणे. हे खरं आहे, मी स्वतः पडताळून पाहिलं. मी अंगणवाडी सेविका आहे, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. पण दादा तेवढ्यावर थांबला नाही. आमची आई, चैती, लाल नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी राखेत घोळून चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवते. तिच्या आईकडून आलेलं ते वाण आता दुकानात मिळत नाही. दादाने आईला न विचारता ते खाली काढलं, काजळी लागलीय म्हणून स्वच्छ धुतलं आणि ओलंच पिशवीत बांधून बाजारातल्या ओळखीच्या दुकानात आइस्क्रीमच्या पेटीत ठेवलं. पिशवी मीच दिली होती. कशाला हवी, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पेरणीच्या वेळी आईने बी मागितलं, तेव्हा त्याने ते मोठ्या ऐटीत आणून दिलं. आईने सगळं पेरलं. दहा दिवस झाले, एक अंकुर फुटला नाही. आई रोज सकाळी वाफ्याशी जाऊन बसायची, माती उकरून बघायची आणि परत यायची. मी मात्र पंधरवडाभर दादाला फाडून खाल्लं. जगाचं ज्ञान सांगतोस आणि घरातलं बी ओलं गोठवून मारलंस, असं चार लोकांत सुनावलं.

मग जीपमध्ये ऑक्टोपस बंद झाला. चढेल त्या बाईला दादा एकच विचारायचा, तुमच्याकडे चैतीची लाल नागली आहे का? शेवटी वांगणीच्या गोजाबाईंनी दुसऱ्या खेपेला येताना पदराच्या गाठीतून मूठभर बी सोडलं. त्यांची सून आमच्या पाड्यावरची. लग्नात तिच्या ओटीत आईनेच ते घातलं होतं.

आईने एक दाणा दाताखाली धरला. "माझीच हाय," म्हणाली आणि इतक्या दिवसांनी रडली. मग तिने मुठीचे दोन वाटे केले. एक पेरायला ठेवला. दुसऱ्यासाठी दादाने हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारून वाटा माझ्या ओंजळीत ओतला.

"तू शिकलेली. तू राख," आई म्हणाली. "राखेत किती दिस घोळून ठेवायचं, धूर किती द्यायचा, तुला ठावं ना?"

दादा माझ्याकडे बघत होता. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.