सालीले विचारा

काहीही विचारलं की तो आधी अंगठ्याच्या नखानं झाडाची साल खरवडायचा, मग तोंड उघडायचा. तोवर साहेबानं ताटकळत उभं राहायचं. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल; हुकूम ऐकतो, पण मान डोलवत नाही.

मी तेव्हा मेळघाटात नवा रेंजर होतो आणि तो माझ्या हाताखालचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी. चांदूर बाजारकडचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी किडींवरचं पुस्तक उघडलं की चारचौघांत म्हणायचा, "सालीले विचारा ना साहेब. पुस्तकात काय पाहून राह्यले?" माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

एका श्रावणात सगळा डोंगर हिरवा आणि सागाचा एक पट्टा मात्र उघडाबोडका. पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. झाडं वाळली म्हणून मी तो पट्टा तोडायला काढला आणि तोडायच्या झाडांवर खूण उमटवायचा शिक्क्याचा हातोडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो खाली ठेवला आणि नखानं साल खरवडून आतला हिरवा ओलावा दाखवला.

"मेलं नाई साहेब. अळीनं खाल्लं. पाला येते. पंधरा रोज थांबा."

"मला शिकवतोस?"

"मी कायले शिकवू? झाडच सांगून राह्यलं."

शिक्के मी स्वतः मारले. प्रत्येक घावाला त्याचं तोंड डोळ्यांपुढे होतं, हे कबूल करतो. वर हुकूम मोडल्याचा रिपोर्ट केला. त्याची बदली अकोल्याकडे, गवताच्या कुरणावर झाली. जन्म सागात गेलेल्या माणसासाठी ते ठिकाण मीच मुद्दाम सुचवलं होतं.

जाताना तो कचेरीत आला. वाटलं, माफी मागेल. "तोडायच्या आधी एक डाव पाहून घ्या," एवढंच म्हणाला.

ठेकेदाराची माणसं आली तेव्हा मी गेलो. पट्ट्यातल्या एकूण एक सागाला पोपटी पाला फुटला होता. आणि प्रत्येक शिक्क्याशेजारी नखाचा एक सुकलेला ओरखडा होता. जाण्याआधी तो एकेका झाडाला भेटून गेला होता. त्या ओरखड्यांनी मला लाज आणली, आणि लाजेनं रागच वाढवला.

चार ओळींच्या पत्रानं शिक्के रद्द झाले असते. पण मग त्याच्यावरचा माझा रिपोर्ट खोटा पडला असता. मी पत्र लिहिलं नाही. पुढं तो मला कधी भेटला नाही. भेटू नये याची तजवीज मीच केली.

मुकादम कुऱ्हाड टेकून उभा होता. "साहेब, हे तं जितं हाये. तोडू काय?"

"शिक्का आहे ना?" मी म्हणालो. "तोडा."