फोन घेणाऱ्याने फाइल बघायची नाही

कॉलेजात आम्ही तिला चिमणी म्हणायचो. आवाज इतका बारीक, की तिने "हजर" म्हटल्यावरही सर मान वर करून विचारायचे, "आहे का ही आज?" तीच चिमणी पुढे स्वतःच्या जनसंपर्काच्या कंपनीत नव्या पोरांना बोलायला शिकवू लागली. बावीस वर्षं शिकवते आहे. माझी मुलगी तिच्या हाताखाली गेली ती माझ्याच शब्दावरून. तेव्हा चिमणीबद्दल बोलताना मला स्वतःला वगळता येणार नाही.

शिकवते मात्र उत्तम, हे कबूल करते. फोन उभं राहून करायचा, बसलं की आवाज पोटात अडकतो. वर्तमानपत्रांना पत्रक पाठवण्याआधी ते मोठ्याने वाचायचं आणि जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडायचं. 'भव्य' आणि 'अभूतपूर्व' हे शब्द दिसले की तिची लाल पेन्सिल कागद फाटेपर्यंत चालायची. मुलगी घरी आरशासमोर उभी राहून "नमस्कार, दोन मिनिटं आहेत का?" असं घोकायची. तिचे बाबा आतून ओरडायचे, "आहेत गं बाई! दोन काय, चार घे!"

आणखी एक नियम होता. फोन घेणाऱ्याने फाइल बघायची नाही. गिऱ्हाईक कंपन्यांबद्दल आलेल्या तक्रारींच्या फाइली चिमणीच्या खणात आणि खणाची किल्ली तिच्या पर्समध्ये. "माहीत नसलं की आवाज सरळ राहतो," ती पोरांना सांगायची. मुलीने मला हे कौतुकाने सांगितलं, मीही कौतुकानेच ऐकलं. तिथेच मला धसका बसायला हवा होता. हा नियम चिमणी कुणाकडून शिकली, ते मला ठाऊक होतं.

चिमणी तेव्हा चोवीस वर्षांची होती, पहिल्या नोकरीत. तिच्या साहेबांनी एका पत्रकाच्या तळाला, 'संपर्कासाठी' या शब्दापुढे, पहिल्यांदाच तिचं नाव घातलं होतं. गिरणी बंद होणार नाही, असं ते पत्रक सांगत होतं. गिरणीची फाइल साहेबांनी हिला दाखवलीच नव्हती; हिने दिवसभर वर्तमानपत्रांना फोनवर तसं छातीठोक सांगितलं. पंधरा दिवसांत गिरणीला कुलूप लागलं. कामगारांच्या बायका तिच्या खोलीच्या दारात येऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. तीन दिवस मी तिच्या सोबतीला होते. ती माझ्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली होती, "मी हे कुणाच्या लेकीला करणार नाही."

त्या एका वाक्यावर मी माझी लेक तिच्या हवाली केली.

दोन वर्षांनी मुलीचं नाव पहिल्यांदा पत्रकाच्या तळाला आलं. बाबागाड्या बनवणारी कंपनी होती. 'ब्रेकबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही,' असं त्यात म्हटलं होतं. मुलगी ते नाचवत घरी आली. मी चष्मा लावून फक्त तळची ओळ वाचली, वरचं वाचलंच नाही. एक प्रत कपाटात साड्यांखाली सपाट ठेवली.

चौथ्या दिवशी तिला एका बातमीदाराचा फोन आला. उतारावर गाडी सुटून एका बाळाचा हात मोडला होता आणि त्याच्या आईकडे सात जणांची ब्रेकच्या तक्रारीची पत्रं जमली होती. सगळी त्या अपघाताच्या आधीची, सगळ्यांना कंपनीची पोच मिळालेली. "मॅडम, एकही तक्रार नाही असं तुम्हीच म्हणालात ना?" मुलगी उभीच होती, नियमाप्रमाणे. आवाज मात्र सरळ राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तिचं नाव छापून आलं. आठवडाभर ती जेवली नाही की फोनला हात लावला नाही.

मी चिमणीच्या ऑफिसात गेले. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"ती पत्रं तुझ्या खणात होती?"

"होती."

"आणि खाली माझ्या लेकीचं नाव?"

"माझं नाव गेलं तर कंपनी जाते. बारा पोरांचं पोट आहे तिच्यावर. तुझ्या लेकीचं नाव महिन्याभरात लोक विसरतील."

"तू शब्द दिला होतास, चिमणे."

"रडताना माणूस काय वाटेल ते बोलतं गं." तिने लाल पेन्सिल उचलली, परत ठेवली. "माझं नाव राहिलं का कुणाच्या लक्षात?"

"माझ्या राहिलं."

तिने टेबलावरचे कागद सरळ केले. मग त्याच बारीक आवाजात म्हणाली, "तिला सोमवारी पाठव. हुशार आहे. यातूनच शिकेल."

मी घरी येऊन सांगितलं, नोकरी सोड. तिच्या बाबांनीही सांगितलं. मुलगी सोमवारी गेली. महिन्याभरात लोक खरंच विसरले. चिमणीचं एवढं एक म्हणणं खरं निघालं आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं. वर्षभराने मुलीला बढती मिळाली. आता तिच्या हाताखाली एक नवी मुलगी आहे, तेल लावून नीट भांग पाडणारी, मला काकू म्हणणारी.

परवा ती सरावासाठी आमच्याकडे आली होती. बैठकीच्या खोलीत उभी राहून "नमस्कार, दोन मिनिटं आहेत का?" म्हणत होती. यावेळी आतून कुणी चेष्टा केली नाही. मग तिने विचारलं, "ताई, कुणी उलट प्रश्न विचारला तर? जुनी फाइल एकदा चाळू का?"

"फाइल कशाला?" माझी लेक म्हणाली. "माहीत नसलं की आवाज सरळ राहतो."

मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. लेकीने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, विनवलंही नाही. मी तिच्या कामात पडणार नाही, याची तिला खात्री होती.

तिला फोन आला आणि ती गॅलरीत गेली. त्या मुलीने पत्रक माझ्यापुढे धरलं. तळाला तिचं नाव होतं. "काकू, पहिलंच आहे. एक प्रत आईसाठी नेते."

फाइल माग, पोरी. एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग लेकीची बढती आठवली, तो न जेवलेला आठवडा आठवला, आणि पुन्हा नाव जायचंच असेल तर ते कुणाचं जाईल, हेही मनात येऊन गेलं.

मी म्हटलं, "थांब, दुमडेल ते." आणि कपाटातून तिला एक मोठं पाकीट काढून दिलं.