सोनवणे सरांच्या दोन काचा

सोनवणे सर दुपारच्या तासाला वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे आणि पश्चिमेकडची एकच बोटभर उघडी ठेवायचे. फटीतून उन्हाचा पट्टा आत यायचा. त्या पट्ट्यात उदबत्तीचा धूर सोडून ते स्टोव्हवर तापवलेली लोखंडी सळई आडवी धरायचे. सळईला लागून धूर नाहीसा व्हायचा आणि तिच्यावरून एक काळी रेघ सरळ वर चढायची. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा धूर जळाला असेल, असे मी म्हणालो होतो.

"जळाला नाही रे, ढकलला गेला," सर म्हणाले. "गरम बाजूचे हवेचे रेणू कणावर जोरात आपटतात, गार बाजूचे हळू. कणाला स्वतःचं मत नसतं. ज्या बाजूनं मार कमी, तिकडं तो जातो."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. पुस्तकातले पदार्थविज्ञान मला पाठ व्हायचे, पण समजले ते सरांमुळे. बी.एस्सी. झाल्यावर जळगावच्या त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली, तीही त्यांच्याच शब्दावर. प्रयोगशाळेत त्यांनी मिठाच्या पाण्याची एक उभी नळी ठेवली होती. वरचे टोक तापवून खालचे गार ठेवले की मीठ अगदी सावकाश गार टोकाकडे सरकते, हे त्यांना मोजायचे होते. मार्च उलटला की ते टोक गार राहीना. "आपल्या खानदेशात ऊन फुकट मिळतं, गारव्यासाठी भुसावळहून बर्फ आणावा लागतो," असे म्हणून ते हसायचे.

त्यांचे थोरले भाऊ नाना धरणगावला एका जिनिंगमध्ये कामाला होते. रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, कापूस घालायचे त्यांचे काम. त्या कामावरच नानांनी धाकट्या भावाला एम.एस्सी. केले होते. आता दम लागून त्यांना दोन वाक्ये सलग बोलता येत नसत. सरांनी काम सोडायला सांगितले की ते विचारायचे, "बापू, रेचा सोडीसन मी तुना दारमां बसू का?" जिनिंगच्या फाटकावर राखणीला बसायचे काम दिले तर मात्र ते करायला तयार होते.

सर जिनिंगच्या मालकांना, शेठजींना भेटले. शेठजींनी चहा पाजला. भावाला दमा असेल, धूळ तर सगळ्या गावात आहे, असे ते म्हणाले. जिनिंगच्या धुळीनेच छाती गेली हे दाखवा, मी त्यांना उद्या फाटकावर बसवतो, असेही म्हणाले. सरांनी हा शब्द खरा धरला.

मग त्यांनी एक यंत्र केले. दोन पातळ काचांच्या मध्ये बारीक तार, तारेला बॅटरी. खाली पाण्याचा डबा. डब्याची तोटी उघडली की पाणी थेंबथेंब गळायचे आणि तेवढी हवा तारेजवळून आत ओढली जायची. तापलेली तार हवेतली धूळ गार काचेवर लोटायची. वर्गातल्या काळ्या रेघेचीच ही उलटी बाजू. तिथे धूळ कुठून गेली ते दिसायचे, इथे ती कुठे जाऊन बसली ते दिसत होते.

रेच्याशेजारी धरलेल्या काचेवर करडी रेघ उमटली. वनस्पतिशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात तुटके धागे आणि भुकटी स्पष्ट दिसली. मी म्हणालो, झाले काम. सर म्हणाले, तुलनेशिवाय पुरावा नाही. जिथे माणूस काम करतो तिथली हवा पाहिली, आता जिथे तो झोपतो तिथली पाहू.

नानांचे घर एका खोलीचे. यंत्र कोपऱ्यात ठेवले, वरच्या खुंटीला नानांचे कपडे. त्या काचेवर तशीच रेघ आली. तेच धागे, तीच भुकटी. दोन्ही काचांत फरकच नव्हता, तुलना आमच्यावरच उलटली होती.

देवळाच्या अंगणात आणखी एक काच घेऊ आणि ही राहू देऊ, असे मी सुचवले.

"घे ना, दहा घे," सर म्हणाले. "पण ही लपवली तर पहिलीही खोटी ठरते."

शेठजींनी दोन्ही काचा नीट पाहिल्या. मग हसत विचारले, "सर, तुमच्या भावाच्या घरीही रेचा चालतो का?"

ही धूळ नानांच्या कपड्यांतूनच घरी येते, म्हणजे ती जिनिंगचीच, हे सरांनी समजावले. शेठजींनी मान डोलावली. "मग त्याला सांगा, कपडे झटकून घरात जात जा." फाटकावर दुसरा माणूस बसला.

नाना तेव्हा दाराशीच उभे होते. सगळ्या बोलण्यातून त्यांनी एवढेच उचलले. त्या दिवसापासून ते थंडीतही गल्लीत सदरा काढून, खोकत खोकत झटकायचे. नात झेपावली की तिला दुरूनच थांबवायचे. सरांनी कितीदा सांगितले की नाना, यात तुमचा दोष नाही. नाना ऐकून घ्यायचे आणि सदरा झटकायला बाहेर जायचे.

पुढच्या हंगामात त्यांना धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवले. मी भेटायला गेलो तेव्हा सर उशाशी बसले होते. नातीला आणतो, असे ते म्हणाले. नानांनी हात हलवून नाही म्हटले. अंगावर दवाखान्याचे धुतलेले कपडे आहेत, आता कसली धूळ, असे सर म्हणाले.

"तूच दखाडं ना बापू, काचवर," नाना थांबत थांबत म्हणाले. "बठ्ठं मना आंगवरनं शे."

सगळी धूळ आपल्याच अंगावरून आली, हे त्यांनी धरून ठेवले होते. उत्तर सरांना येत होते. ते ऐकून घेण्याइतका श्वास नानांकडे उरला नव्हता.

दोन दिवसांनी नाना गेले. धरणगावला घरी आणले तेव्हा सरांनी नातीचा हात धरून तिला जवळ न्यायचा प्रयत्न केला. ती उंबऱ्याशीच थांबली. सर तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "ये बेटा, आता जवळ गेलं तरी चालतं." तिने मान हलवली. आजोबा रागावतील, म्हणाली.