आक्कांच्या तीन खोल्या

शेवंताआक्का स्वतःच्याच घरातल्या रिकाम्या खोलीत शिरताना दार वाजवायच्या. पन्हाळ्यावर आमचं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे मला ते रोज ऐकू येई. "आक्का, आत कोण न्हाय!" मी परड्यातून ओरडायचे. "सवय मोडली तर पावण्यांम्होरं फजिती व्हईल की," त्या म्हणत.

नवरा गेल्यावर त्यांनी तीन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. मग गावात अशा मुक्कामाच्या खोल्यांवर कर बसला. नोंद करायला आलेला कारकून भला माणूस. म्हणाला, "तुमची राहायची खोली कोणती? तेवढी सोडून धरतो." आक्का पिठलं हलवत होत्या. पाहुणचारात कमीपणा नको म्हणून ठसक्यात म्हणाल्या, "माझी कसली खोली? मी चुलीम्होरं पडते. तिन्ही पावण्यांच्याच!" मी डोळे वटारले, पण त्यांना थांबवणं कुणाला जमलंय? कर तिन्ही खोल्यांवर लागला. तो भरायचा म्हणून एकही खोली रिकामी ठेवता येईना आणि खोल्या भरलेल्या म्हणून घर सोडता येईना. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

अशात गगनबावड्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला, सुमनला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. आक्कांनी डिंक आणला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. पण हिवाळ्यासाठी तिन्ही खोल्या लोकांनी आधीच धरल्या होत्या आणि त्यांची आगाऊ रक्कम करात गेली होती. कारकून म्हणाला, "नव्या वर्षी अर्ज द्या, एक खोली कमी करू."

"प्वार नव्या वर्षापतोर थांबतंय व्हय?"

मी म्हटलं, सुमनला आमच्याकडे ठेवा. आक्का कडाडल्या, "माझं घर उभं असताना लेक शेजारात बाळंत हुणार?"

सुमन येऊन चुलीपुढचं आईचं अंथरूण बघून गेली. "मी सासरीच बाळंत हुते, आई," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी आक्का माझ्यापुढे पहिल्यांदा रडल्या.

डिसेंबरात गगनबावड्याहून फोन आला. मुलगी झाली होती. आक्का बोलत होत्या, तोच मधल्या खोलीतल्या पाहुणीनं हाक मारली, "मावशी, बाळाच्या अंघोळीला गरम पाणी मिळेल का?"

आक्कांनी फोन माझ्या हातात दिला. "नात कुणावर गेलीया, नीट इचारून ठेव," म्हणाल्या आणि पाणी तापवायला गेल्या.